त्यांनी प्याला पुढे दिला

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या वेळी येशूच्या आठवणीत भाकरी वाटली जाते आणि एकच प्याला हातोहात फिरतो. त्यात वाइन असते, आंबवलेली. माझ्याच रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसायचे. भाकरीचा तुकडा घ्यायचे, डोळे मिटून खायचे. प्याला आला की दोन्ही हातांत धरायचे, मान खाली घालायचे आणि ओठांना न लावताच शेजारच्याकडे द्यायचे. दर वेळी हेच.

तीन-चार महिने हे मी बघत होतो. बघत होतो हेच मुळात चुकलं, कारण त्या वेळी माझं लक्ष प्रभूकडे असायला हवं होतं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात अयोग्य रीतीने तो प्याला पिण्याबद्दल कडक इशारा आहे. तो मला पाठ होता. मी दोन आणि दोन चार केले. या माणसाच्या आयुष्यात काहीतरी झाकलेलं पाप आहे, ते सोडवत नाही, म्हणून हे पीत नाहीत. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका ताईंजवळ मी हे बोललोसुद्धा. वर म्हणालो, "प्रार्थनेत ठेवा."

पुढे वर्षभराने एका प्रार्थनासभेनंतर आम्ही दोघंच खुर्च्या आवरत होतो, तेव्हा ते आपणहून बोलले. दारू सोडून त्यांना 19 वर्षं झाली होती. त्याआधीचं आयुष्य त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि त्यातलं एकही मी इथे लिहिणार नाही. "भाऊ, प्याला मी दोन्ही हातांनी धरतो, कारण त्या वासाने माझा हात अजून थरथरतो," ते म्हणाले. मी विचारलं, मग पाळकांना सांगून साधा रस का नाही ठेवायला सांगितलात? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर माझ्या एकट्यासाठी सगळ्यांचा प्याला बदलला असता. ज्यांना त्यातून आनंद मिळतो त्यांचा मी का काढून घेऊ? मला प्रभू भाकरीत भेटतो."

मी खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिलो. हे सगळं त्यांच्या परवानगीनेच लिहितोय.

रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय तोवर मी कितीदा वाचला असेल, सांगता येणार नाही. एका अभ्यासगटात तो शिकवलाही होता. त्यामागचा इतिहास मला माहीत होता. इसवी सन 49च्या सुमारास सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवून दिलं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी जोडपं प्रेषित पौलाला करिंथात भेटलं ते त्यामुळेच, प्रेषितांच्या कृत्यांच्या 18व्या अध्यायात ते आहे. 54 साली क्लौद्य मेला आणि यहुदी लोक परतू लागले. मधल्या काळात रोमच्या मंडळ्या बहुतांशी यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या हातात राहिल्या असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. आता कल्पना करा. लहानपणापासून जे खाणं अशुद्ध म्हणून टाळलं, ते खाणारी माणसं आपल्याच प्रभूच्या नावाने एकत्र येतायत. जे दिवस आपण पवित्र म्हणून पाळले, ते यांच्या लेखी कालच्या-आजच्यासारखेच. आणि घर तर एकच. साधारण 57 साली करिंथाहून पौल पत्र लिहितो, ते या लोकांना.

त्यात तो दोन वेगवेगळी क्रियापदं वापरतो. हे मी शिकवताना सांगितलं होतं, पण अंगाला लागलं नव्हतं. सगळं खाणाऱ्याला तो म्हणतो, न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नकोस. न खाणाऱ्याला म्हणतो, खाणाऱ्याला दोषी ठरवू नकोस. ज्याला मोकळीक आहे तो हसतो, "अजून यातच अडकलाय बिचारा." जो कडक आहे तो कपाळाला आठ्या घालतो, "याचं तारण झालंय तरी का?" आपल्या मंडळ्यांमध्ये बोलणं मात्र बहुतेक दुसऱ्या प्रकाराबद्दलच होतं. न्याय करणारे म्हणजे जुन्या वळणाचे, कठोर लोक, असं आपण गृहीत धरतो. पण डोक्यावर पदर घेऊनच प्रार्थना करणाऱ्या बहिणीकडे बघून तरुण मुलांनी एकमेकांना केलेली खूण, सिनेमा बघत नाही म्हणणाऱ्याला मिळालेलं ते दयाळू हसू, हेही त्याच अध्यायात येतं. कृपा समजल्याचा अहंकार हाही अहंकारच असतो, आणि तो ओळखायला जास्त अवघड.

मग पौल विचारतो, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? तो उभा राहिला काय, पडला काय, ते त्याच्या धन्याचं बघणं आहे. आणि लगेच पुढे म्हणतो की तो उभा राहील, कारण त्याला उभं करायला प्रभू समर्थ आहे. मी इथे थबकतो. मी त्या गृहस्थांच्या पडण्याचा अंदाज बांधत होतो, तेव्हा त्यांचा धनी त्यांना 19 वर्षं उभं करून होता. माझ्या डोळ्यांसमोर, महिन्याच्या महिन्याला.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, मग काय, ज्याला जे वाटेल ते करू द्यायचं? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. हाच पौल गलतीकरांस पत्रात पेत्राला तोंडावर दोष देतो. तीत या आपल्या यहुदी नसलेल्या सहकाऱ्याची सुंता करा म्हणणाऱ्यांपुढे तो घटकाभरही नमला नाही, कारण तिथे सुंतेवर तारण अवलंबून आहे असं सांगितलं जात होतं. आणि तोच पौल पुढे तीमथ्य या दुसऱ्या सहकाऱ्याची सुंता करतो, कारण तिथे प्रश्न यहुदी लोकांमध्ये सेवेला जाण्याचा होता. विधी तोच, निर्णय उलटे. पौल बघत होता की सुवार्तेला धक्का लागतोय की नाही. आणि एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. बायकोला मारणं, मंडळीचे पैसे खाणं, लहान मुलांना इजा करणं, कुणाचा हक्क बुडवणं, यांना "ज्याची-त्याची विवेकबुद्धी" म्हणून पांघरूण घालणाऱ्याने या अध्यायाचा आधार घेऊ नये. पौल ज्याबद्दल बोलतो त्या गोष्टी वेगळ्या: काय खावं, काय प्यावं, कुठला दिवस पाळावा. आपल्याकडच्या सांगायच्या तर नाताळ साजरा करावा की नाही, उपासनेत कसलं संगीत असावं, दागिने घालावेत का, मुलांना कुठे शिकवावं, रविवारी काम करावं का.

"अडखळण" हा शब्दही आपण फार वेडावाकडा वापरतो. पौल म्हणतो, भावाला अडखळण होईल असं काही करू नका. म्हणजे माझं पाहून तो स्वतःच्या मनाविरुद्ध वागायला लागेल आणि त्याचा विश्वास मोडेल, असं काही करू नका. पण वर्षानुवर्षं विश्वासात मुरलेला एखादा ज्येष्ठ जेव्हा म्हणतो, "तुझ्या कपड्यांमुळे मला अडखळण होतंय," तेव्हा त्याचा विश्वास मोडत नसतो. त्याला ते आवडत नसतं, एवढंच. आवडत नाही असं सरळ सांगावं, त्यात काही वाईट नाही. पण त्यासाठी पौलाला पुढे करू नये. पौलाने सोसायला सांगितलंय ते सबळांना, दुर्बळांकडून ते वसूल करायला नाही.

सोसणं म्हणजे काय, हे मला इतिहासातल्या दोन प्रसंगांतून जास्त कळतं.

पहिला दुसऱ्या शतकातला. आशिया मायनरमधल्या स्मर्नाचा वृद्ध अध्यक्ष (बिशप) पॉलिकार्प रोमला आला, साधारण 155च्या सुमारास. त्याच्याकडे पुनरुत्थानाचा सण यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या 14 तारखेशी बांधलेला, मग वार कुठलाही असो. रोममध्ये तो रविवारीच. रोमचा अध्यक्ष अनिसेटस याने त्याला समजावलं, त्याने अनिसेटसला समजावलं, दोघांपैकी कुणीच हललं नाही. तरी अनिसेटसने स्वतःच्या मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघं शांतीने निरोप घेऊन गेले. पुढे 190च्या सुमारास रोमचा तेव्हाचा अध्यक्ष व्हिक्टर याने याच मुद्द्यावरून आशिया मायनरमधल्या मंडळ्यांशी सहभागिता तोडायला घेतली, तेव्हा ल्योंचा अध्यक्ष इरेनेयस याने त्याला हीच आठवण लिहून पाठवली. इरेनेयस स्वतः रविवार पाळणारा होता, हे विसरू नका. तो आपल्याच बाजूच्या माणसाला आवरत होता.

दुसरा प्रसंग जर्मनीतल्या विटेनबर्गचा. धर्मसुधारक मार्टिन लूथर लपून राहत होता, तेव्हा मागे त्याचा सहकारी कार्लस्टाट आणि इतरांनी सुधारणांची घाई केली. सामान्य लोकांना प्याला मिळत नसे, तो द्यायला सुरुवात झाली, आणि तो हातात घ्या असा आग्रहही होऊ लागला. जन्मभर ज्यांनी त्याला स्पर्श केला नव्हता, त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनाला ते पेलवेना. लूथर मार्च 1522 मध्ये परतला आणि 9 तारखेपासून त्याने ओळीने आठ प्रवचनं दिली. प्याला सगळ्यांना मिळावा हे त्यालाही मान्य होतं. त्याचं म्हणणं होतं, पण ज्यांचं मन अजून तयार नाही त्यांच्यावर तुम्ही बळजबरी केलीत, प्रीती कुठे गेली? आई बाळाला आधी दूध पाजते, मग मऊ अन्न देते. बरोबर असणाऱ्यांना त्याने थांबवलं.

मी हे वाचतो तेव्हा मला त्या थरथरणाऱ्या हातांची आठवण होते.

द्राक्षांचा रस न आंबता टिकवायची युक्ती थॉमस वेल्च नावाच्या एका अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 साली काढली, ती प्रभुभोजनासाठीच. आज जगभर असंख्य मंडळ्या तो रस वापरतात, आणि असंख्य मंडळ्या वाइनच वापरतात. दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत. आमच्या मंडळीत आता मोठ्या प्याल्याशेजारी एक छोटा पेला असतो. ते पाळकांनी ठरवलं, कारण न विचारता, आणि त्यावर चर्चा झाली नाही याचं मला बरं वाटतं.

त्या रात्री खुर्च्या ठेवून झाल्यावर मी त्यांची क्षमा मागितली. मी काय समजत होतो ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. मग विचारलं, "आणखी कुणाला बोलला होतात का?"

त्या ताई तोवर दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. वाटलं होतं, विसरल्या असतील. त्या म्हणाल्या, "अरे, तू सांगितल्यापासून मी रोज प्रार्थना करते त्यांच्यासाठी. त्यांचं पाप उघडं पडू दे म्हणून."

एक वर्ष. रोज. मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्यांचा नंबर देशील का मला?"