हुशार पोराला कॉलेजात लवकर पाठवा, पण एकटं पाठवू नका

तेराव्या-चौदाव्या वर्षी कॉलेजचा अभ्यास पेलणारी मुलं असतात. केवळ वयाकडे बघून त्यांना येतं तेच वर्षानुवर्षं ऐकायला लावणं हा मला सरळ अन्याय वाटतो. पण "गणित येतंय ना, मग टाका पुढे" हेही पटत नाही.

कारण गाडी विषयात अडतच नाही. अशा मुलाला आजवर अभ्यास करावाच लागलेला नसतो, एकदा ऐकलं की झालं. कॉलेजात पहिल्याच परीक्षेत निम्मे मार्क पडतात आणि पुढे काय करायचं ते त्याला सुचत नाही. सरांच्या केबिनबाहेर वही घेऊन उभं राहतं आणि दार न वाजवताच परत फिरतं. "मला कळलं नाही" असं म्हणायची वेळच कधी आलेली नसते ना! प्रॅक्टिकलचा जोडीदार एकोणीस वर्षांचा. तो चांगलाच वागतो, पण तास संपला की आपल्या मित्रांबरोबर निघून जातो.

विल्यम सायडिस हा अमेरिकेतला विलक्षण हुशार मुलगा १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्डला गेला, तेव्हा वर्तमानपत्रं त्याच्या मागे लागली होती. मोठेपणी तो लोकांपासून लांबच राहिला. ऑस्ट्रेलियात वाढलेला गणितज्ञ टेरेन्स टाओ याचं वेगळं झालं. नवव्या वर्षी तो विद्यापीठात गणिताच्या तासांना बसायचा, बाकीचे विषय मात्र शाळेतच. पूर्णवेळ विद्यापीठात गेला तो चौदाव्या वर्षी. घरच्यांनी घाई केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हॅल्बर्ट रॉबिन्सन यांनी १९७७ मध्ये लवकर प्रवेशाचा कार्यक्रम सुरू केला. थेट वर्गात सोडणं पुरेसं नाही हे लक्षात आल्यावर मधे एका वर्षाची तयारीची शाळा आली. समवयस्क मुलांची छोटी तुकडी, तीही विद्यापीठाच्या आवारातच. निबंध कसा लिहायचा, वेळ कसा सांभाळायचा, अडलं तर कोणाला विचारायचं, हे तिथे शिकवतात. आणि पुढच्या वर्षी मोठ्या वर्गांत विखुरली तरी डबा खायला सोबत आपल्या वयाचं कुणीतरी असतंच. माझ्या मते खरं काम ही सोबतच करते.

असा कार्यक्रम जवळपास नसेल तर आधी एकच विषय घेऊन बघा. जमलं नाही तर शाळेत परतता येईल का, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या. आणि आईवडील समोर नसताना कुणीतरी मुलाला विचारा, तुला जायचंय का? "पुढच्या वर्षी बघू" म्हणालं, तर पुढच्या वर्षीच बघा.