उपकार फेडायचे ते स्वतःच्या खिशातून

आज दुपारी जेवताना ऑफिसमधल्या एकाने 'द वेस्ट विंग' या व्हाइट हाउसवरच्या अमेरिकन मालिकेचा विषय काढला. पाचवा सीझन चाललाय त्याचा, 'आन खे' हा एपिसोड नुकताच बघितला, आणि म्हणतो कसा, ज्याने जीव वाचवला त्याला लिओने असले प्रश्न विचारायलाच नको होते, कृतघ्न आहे तो. टेबलावरच्या दोघातिघांनी माना पण डोलावल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. पोस्ट लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिओ मॅकगॅरी हा प्रेसिडेंट बार्टलेटचा चीफ ऑफ स्टाफ. व्हिएतनाम युद्धात पायलट होता, विमान पडलं, आणि जखमी लिओला केन ओ'नीलने जंगलातून जिवंत बाहेर काढलं. आता हाच केन एका बड्या डिफेन्स कंपनीचा प्रमुख आहे आणि सरकारी कॉन्ट्रॅक्टवरून सिनेटने त्याला धारेवर धरलंय. लिओ आधी त्याच्यासाठी धावतो. धावणारच ना, कोण नाही धावणार! पण मग कळायला लागतं की मित्र स्वच्छ नाहीये, आणि लिओ त्याला प्रश्न विचारायला लागतो. आणि त्याच वेळी उत्तर कोरियाजवळ नेव्हीचं विमान पडलंय, त्यातल्या लोकांना परत आणायला टीम पाठवायचीय.

आता हे कुणाला फिल्मी वाटेल, पण १९६९ साली उत्तर कोरियाने अमेरिकन नेव्हीचं ईसी-१२१ विमान खरोखर पाडलं होतं, ३१ जण गेले त्यात. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन नेव्हीचंच 'प्वेब्लो' जहाज पकडून ८२ माणसं अकरा महिने डांबून ठेवली होती. तिथे रेस्क्यू पाठवणं म्हणजे काय ते यावरून समजा.

माझ्या बाबांना त्यांच्या एका मित्राने पुराच्या पाण्यातून ओढून काढलं होतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, म्हणजे त्या काकांनी उडी मारली नसती तर मी आज इथे टाइप करत बसलो नसतो. काकांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तारेच्या कुंपणाने फाटल्याची खूण होती. बाबा सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनियर, काका पुढे कॉन्ट्रॅक्टर झाले. आणि एक दिवस काकांनीच बांधलेल्या एका मोरीचं, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या पुलाचं, काम तपासायला बाबांकडे आलं. स्टील कमी वापरलेलं. बिल निघायचं तर एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीवर, बाबांची सही हवी.

त्या संध्याकाळी काका घरी आले. पैशाचं एक अक्षर बोलले नाहीत. शर्टाची बाही दुमडून हात टेबलावर ठेवून बसले फक्त. आईने ठेवलेल्या चहावर साय धरली, बाबा पेनाचं टोपण काढायचे, परत लावायचे. मी दारात उभा होतो.

बाबांनी सही केली नाही.

म्हणून लिओला कोणी कृतघ्न म्हटलं की मला लागतं. अरे, जीव लिओचा वाचला होता, तर देणं लिओचं! ते अमेरिकेच्या डिफेन्स बजेटमधून कसं फेडणार? ज्या सैनिकाच्या हातात ते सामान जाणार त्याने केनचं काय घेतलं होतं? त्या मोरीवरून जाणाऱ्या माणसांनी काकांचं काय घेतलं होतं?

बरं हे नुसतं टीव्हीवर होत नाही. एपिसोड लागला १८ फेब्रुवारी २००४ ला. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात बोइंगने डार्लीन ड्रुयन ही अधिकारी आणि सीएफओ, म्हणजे कंपनीचा अर्थप्रमुख, मायकेल सीअर्स या दोघांना काढून टाकलं होतं. बाई बोइंगमध्ये येण्याआधी एअरफोर्सच्या खरेदीत फार वरच्या जागेवर होत्या, १०० टँकर विमानांचा (हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारी) सौदा हाताळत होत्या आणि तेव्हाच बोइंगमध्ये स्वतःच्या नोकरीची बोलणी करत होत्या. मुलगी आणि जावई आधीच तिथे चिकटलेले. नंतर कोर्टापुढे त्यांनी कबूल केलं की कंपनीचे उपकार वाटत होते, त्याचा निर्णयांवर परिणाम झाला. ९ महिन्यांची शिक्षा झाली. हे असे उपकार फेडले जातात, आपल्या नाही, दुसऱ्यांच्या पैशाने, आणि वर लोक त्याला निष्ठा म्हणतात!

हो, मान्य आहे, केन नसता तर लिओ व्हिएतनाममध्येच संपला असता. मान्य. केनने लिओला उचललं तेव्हा त्याच्या मनात काही हिशोब होता असंही मी म्हणत नाही, काकांच्याही नव्हता, पाण्यात उडी मारताना कोण हिशोब करतं. हिशोब नंतर येतो, आणि तिथेच सगळं नासतं.

आणि मला त्या एपिसोडमध्ये सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये? रेस्क्यूला जाणारी पोरं. ज्यांना आणायला चाललीत ती माणसं त्यांच्या ओळखीची असतीलच असं नाही, पुढे कधी भेटतील असंही नाही, तरी जातात. केन पण कधीकाळी असाच होता हे लिओला माहितीये, म्हणून त्याला इतका त्रास होतो. लिओचं काम करणारा जॉन स्पेन्सर गेला २००५ च्या डिसेंबरमध्ये, पण काय काम करायचा हा माणूस! नुसत्या चेहऱ्यावर दाखवतो की मित्र डोळ्यांदेखत लहान होत चाललाय.

काका नंतर आमच्या घरी यायचे बंद झाले. रागावर होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचा राग मला आता थोडा समजतो, माणूस वाईट नव्हता तो, मुलांच्या फिया आणि बँकेचे हप्ते यात अडकलेला होता. पुढे काही वर्षांनी त्यांना हार्टचा त्रास झाला तेव्हा बाबांनी पीएफमधून पैसे काढले, आईचा विरोध असताना काढले, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर भरून पावती काकूंच्या हातात दिली. ते पैसे बाबांचे होते. खात्याचे नव्हते, कुठल्या मोरीचे नव्हते.

तर ज्यांना लिओ कृतघ्न वाटतो त्यांनी कमेंटमध्ये भांडायला यावं, मी आज रात्री जागाच आहे. फक्त आधी एपिसोड पूर्ण बघा, रील बघून येऊ नका.