पॉलिश पेपरवर चालणारी 'अमर' गाडी

फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आलेला फॉरवर्ड: "जुन्या पॉइंटवाल्या गाड्या पॉलिश पेपरच्या तुकड्यावर जन्मभर चालायच्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशन म्हणजे पैसे उकळायचा डबा. बॅटरी खातो, टायमिंग बांधून टाकतो, बिघडला की स्कॅनरवाल्याशिवाय कुणाला काही कळत नाही." पाठवणारे काका लाडके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो पॉलिश पेपर. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, आणि तो घासून साफ करायला हा कागद. तो लागायचाच का? ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या जाड वेढ्यांतून करंट वाहत असतो. पॉइंट उघडला की करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीसेक हजार व्होल्ट उठतात. प्लगवर ठिणगी पडते. पण थोडी ठिणगी पॉइंटवरही उडते. चार सिलिंडरचं इंजिन 6000 आरपीएमवर असलं तर सेकंदाला 200 वेळा! ती दाबायला कंडेन्सर असूनही पॉइंटला खड्डा पडतो, कॅमवर घासून त्याची टाच झिजते, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा तो गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे सरकतं. गाडी 'मिसिंग' मारायला लागली की मेकॅनिक डेल्को, म्हणजे ठिणगी प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उघडून आतले पॉइंट पॉलिश पेपरने घासत बसायचा. डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे हे नाव पडलं ते चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरच्या 'डेल्को' कंपनीवरून. 1910 च्या सुमाराला कॅडिलॅकला ही पद्धत त्यानेच दिली. इलेक्ट्रॉनिकमध्ये कॉइल आणि तिचं तत्त्व तेच आहे. फक्त करंट तोडायला पॉइंटऐवजी ट्रान्झिस्टर आला. घासायला काही उरलंच नाही.

बॅटरी खातो? ठिणगी तेव्हाही बॅटरीवरच पडायची. उलट इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट मिटलेला राहिला, तर कॉइल तापून चटका बसायचा. आजचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंजिन फिरत नाही म्हटल्यावर कॉइलचा करंट तोडतो. सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं तर कॉइलला भरायला जरा जास्त वेळही देतो.

टायमिंगचा मुद्दा तर पार उलटा आहे. बांधलेलं टायमिंग जुनंच: ते पुढेमागे करायला फक्त दोन वजनं, दोन स्प्रिंगा, एक व्हॅक्यूमचा डबा, आणि बाकी मेकॅनिकचा कान. आता क्रँकवर दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत साठातले दोन दाते मुद्दाम गाळलेलं. ती फट समोरून गेली की पिस्टन कुठे आहेत ते सेन्सरला कळतं. 3000 आरपीएमवर क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो, इतक्या बारकाईने हिशेब होतो. घाटात चौथ्या गिअरवर इंजिन ठोकायला लागलं, तर ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ते ऐकतो. ईसीयू ठिणगी थोडी मागे घेतो आणि मग हळूहळू पुन्हा पुढे आणतो.

स्कॅनर लागतो, कबूल. पण साधा रीडर पी 0303 हा कोड दाखवतो, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा. कोड 0301 झाला की कॉइल गेली. नाही सरकला, तर प्लग किंवा इंजेक्टर बघा.

फॉरवर्डमध्ये नसलेला एक मुद्दा मात्र मी काकांना देतो. बॅटरी पूर्ण मेली की ईसीयू जागाच होत नाही, मग अख्ख्या गल्लीने धक्का मारला तरी फुकट. आणि काका, चालू इंजिनवर प्लगची वायर उपटून ठिणगी बघायची ती जुनी सवय नव्या गाडीवर नको. व्होल्टेज तेव्हापेक्षा बरंच जास्त आहे, आणि कॉइलही जाऊ शकते.