तटस्थ खांदा

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात गेल्या रविवारी माझ्या नावापुढे ‘तटस्थ’ असं लिहिलं गेलं. मी तटस्थ नव्हते. खालची पाण्याची टाकी मोठी करा म्हणून या इमारतीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं बोंबलले ती मीच. उजनी काठोकाठ भरली तरी आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि आलं की आमची ती एवढीशी टाकी बघता बघता भरून वाहणार. म्हणून ठराव, ठरावावर मतदान, आणि मतदान हात वर करून. तर माझा उजवा हात सध्या वर जात नाही. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून बसलेला खांदा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी सहावीच्या वर्गात उखळीचा सांधा आला की हात गरागरा फिरवून दाखवायचा, हा माझा ठरलेला प्रयोग. यंदा पहिल्या बाकावरच्या एका कार्ट्यानं विचारलं, “बाई, तुमचा बिजागरीचा हाय का?” जूनपासून फळ्याचा वरचा अर्धा भाग मी वापरलेलाच नाही. माणसाच्या अंगात २०६ हाडं आहेत आणि त्यातलं एकही माझं मोडलेलं नाही, हीच तर खरी अडचण. ती पुढे येईलच.

हात मोजायला अप्पा होते. अप्पा निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर डोकी मोजलेला माणूस, तेव्हा हे काम त्यांच्याकडे जाणार हे ठरलेलंच. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, अप्पा हातात पेन घेऊन रांगेरांगेनं पुटपुटत निघाले आणि माझ्यापाशी येऊन थबकले.

“काय ओ बाई, हे काय?”

“हात आहे.”

“ते दिसूलालंय की. वर हाय का खाली?”

“वरच आहे. एवढाच जातो.”

“एवढाच म्हंजे अर्धा. अर्ध्याला मी काय धरू? अर्धं तिकीट ल्हान पोरांचं असतंय.”

मागून कुणीतरी “ज्येष्ठ नागरिक धरा” म्हणालं. मी एक्कावन्न वर्षांची आहे. कोण म्हणालं ते मला आवाजावरून कळलेलं आहे.

“बायकांना हल्ली अर्ध्या तिकिटात पूर्ण सीट मिळते, अप्पा.”

“ते सरकारनं केलंय. सोसायटीचा तसला ठराव न्हाई. जरा जोर लावून करा की वर.”

मी जोर लावला. इथंच घात झाला. त्याचं असं आहे, खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खळग्यात बसतो तो अगदी उथळ. शाळेच्या शर्यतीत चमच्यावर लिंबू असतं ना, तसा कारभार. गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा एका वेळी खळग्याला टेकतो. म्हणून तर हात कुठंही फिरतो, आणि म्हणूनच खांदा निखळतोही लवकर. सगळा हात धडाला हाडानं कुठं जोडलाय म्हणाल, तर फक्त गळ्याखाली, जिथं गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथं. बाकी सगळं स्नायूंच्या भरवशावर. हात कानाशी नेणं हे १८० अंशांचं काम. त्यातले साधारण १२० उखळीनं करायचे आणि ६० पाठीवरच्या त्या तिकोनी फऱ्यानं सरकून करायचे. माझ्या उखळीभोवतीची पिशवी जाड होऊन आखडली आहे, त्यामुळे उखळ संपावर. फरा बिचारा प्रामाणिक, तो आपला वाटा उचलतोच, वर उखळीचाही उचलायला जातो. परिणाम असा की हात वर जायच्या ऐवजी खांदाच वर जातो. खांदा कानाला, मान तिरकी, कोपर वाकलेलं, तळवा उघडा. या मुद्रेचा आपल्याकडे एकच अर्थ होतो.

“बाईंना काय म्हाईत न्हाई म्हंतायत,” अप्पांनी सेक्रेटरींना सांगितलं. “लिवा, तटस्थ.”

“अहो, मी टाकीच्या बाजूनं आहे!”

“तोंडानं चालत न्हाई. हात वर करून, असं अजेंड्यात छापलंय.”

मग मी डावा हात वर केला. चांगला ताठ, बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या. तेवढ्यात टाकीच्या विरोधातले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. हरकत! एका फ्लॅटचे दोन हात! अप्पांनी वही पुन्हा पाहिली. एकदा तटस्थ लिहिलेलं माणूस परत बाजूनं कसं लिहायचं, या पेचात ते खरोखर पडले. उलटी तपासणी सुरू झाली.

“पहिल्यापास्नंच डावा का न्हाई केला?”

“सवयीनं उजवा गेला.”

“गेला कुठं? न्हाई गेला म्हणून तर एवढं चाललंय!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग अप्पा समजुतीच्या स्वरात आमच्या ह्यांच्याकडे वळले, “मालक, तुम्हीच करा की वर, मिटवून टाका.” हे बिचारे मोबाईल खिशात टाकून करायलाही निघाले होते. फ्लॅट माझ्या नावावर आहे. हप्ते माझ्या पगारातून गेलेत. सभासद मी आहे. तेरा वर्षं या पार्किंगमध्ये मी ‘मालकीणबाई’ नसून ‘मालकांची मंडळी’ आहे, हे मला त्या दिवशी खांद्यापेक्षा जास्त दुखलं, आणि अजून दुखतंय.

“एक्सरे हाय का?” अप्पांनी शेवटची संधी दिली.

“आहे. त्यात काही दिसत नाही.”

“मग झालं की!”

हीच ती अडचण. एक्सरेत हाडं दिसतात आणि या दुखण्यात हाडं बहुतेक वेळा ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती भोवतीची पिशवी. प्लॅस्टर नाही, झोळी नाही, काठी नाही, फिल्म स्वच्छ. पाय मोडलेल्याला लोक खुर्ची देतात, मला सल्ले देतात. अप्पांच्या मते शीर आखडली आहे, चोळून घ्यावी. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दाराच्या चौकटीला लोंबकळा. शुगर आहे का, हे मात्र फक्त डॉक्टरांनी विचारलं. आहे, आणि मधुमेह्यांना हे जास्त होतं. साधारण चाळीस ते साठ या वयात, आणि बायकांना अधिक. दंड बाहेरच्या बाजूला फिरवणं सगळ्यात आधी जातं. म्हणजे वेणी घालणं गेलं. मग हात पाठीमागे जाईना, हुक लावणं गेलं. शेंगाच्या चटणीची बरणी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आली. भाकरी मात्र थापता येते, कारण ते कमरेच्या उंचीवरचं काम. आणि भाकरी थापता येते म्हटल्यावर सासरच्या माणसांचा या दुखण्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

१९३४ साली बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन नावाच्या सर्जननं या दुखण्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिलं, आणि तेव्हाच लिहून ठेवलं की याची व्याख्या करणं अवघड, इलाज करणं अवघड आणि हे का होतं ते सांगणंही अवघड. एवढा प्रामाणिक माणूस आमच्या कमिटीवर असायला हवा होता. त्याच्याच नावानं ओळखला जाणारा व्यायाम मी रोज सकाळी गॅलरीत करते. कमरेत वाकायचं, डावा हात टेबलाला, उजवा लोंबता सोडून मागे-पुढे झुलवायचा. दूधवाला खालून रोज विचारतो, “काय सापडलं का बाई?” तिसऱ्या दिवसापासून मी “नाही अजून” म्हणते, सोपं पडतं. दुसरा व्यायाम भिंतीवर बोटांनी चढायचा. जिथं पोचेन तिथं पेन्सिलीची रेघ. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी रेघांचा गठ्ठा झालाय, सगळ्या एकमेकींना खेटून. दोन महिन्यांत सगळी मिळून चार बोटं.

ठराव एका मतानं पडला. ते एक मत कुणाचं, हे मला कुणी विचारलं नाही.

सोमवारी मी सेक्रेटरींना रीतसर पत्र दिलं, डाव्या हातानं, म्हणजे दिलं डाव्या हातानं, लिहिलं उजव्यानंच. लिहायला खांदा लागत नाही. पत्रात डॉक्टरांचा दाखला जोडला आणि तटस्थ हा शेरा काढून टाकावा अशी विनंती केली. सेक्रेटरी भला माणूस. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर आहे बाई तुमचं. पण मंजूर झालेल्या इतिवृत्तात मला एकट्याला खाडाखोड करता येत नाही. पुढच्या सभेत विषय घेऊ. मतदान करू.”

“कसं?”

“नेहमीसारखंच.”

पुढची सभा मार्चात आहे. खांदा, डॉक्टरांच्या हिशेबानं, त्याच्या पुढच्या मार्चात.