फायरवॉल बंद करून पोर्ट उघडत नाही राजेहो

आपल्या दारव्हा-दिग्रसकडच्या जिनिंगवाल्या, कृषी केंद्रवाल्या ग्रुपांमधी एक मेसेज फिरून राहिला, की ऑफिसच्या सर्व्हरवरचं टॅली घरून उघडत नसन तर विंडोजची फायरवॉल (बाहेरचे नको ते कनेक्शन अडवणारी भिंत) बंद करा अन् राउटरमधी सर्व्हर डीएमझेडमधी, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला सताड उघडा, टाका, लगेच चालते. असं काही करू नका बावा.

गावाकडं बहुतेक वेळा अडते ते दुसरीकडंच. राउटरच्या पेजवर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला इंटरनेटचा पत्ता) पाहा, मंग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' टाकून पाहा. दोन्ही आकडे येगळे निघाले, त्यातही वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असन, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅटमागं हाय, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलेला. तिथं तुमच्या राउटरमधी कितीबी पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरच्या रिक्वेस्टला सर्व्हरकडं जायची वाट करून द्या), बाहेरची रिक्वेस्ट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, मंग फायरवॉलनं काय घोडं मारलं?

आणि आयपी पब्लिक असला तर हा सल्ला अजूनच वाईट, कारण डीएमझेड म्हणजे फॉरवर्ड न केलेले बाकी सगळे पोर्ट बी त्याच मशीनवर. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचा, ३३८९ नंबरचा पोर्ट उघडा दिसला की पासवर्ड मारून पाहणारे बॉट लागलेच मागं.

इंटरनेट कंपनीला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पब्लिक आयपी मागा, त्याचे पैसे येगळे लागतात. नाहीतर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरूनच आपल्या मशीनींची खाजगी जोडणी) टाका, ते सीजीनॅटमागूनही चालते अन् पोर्ट उघडायचं कामच नाही. टेस्ट मात्र मोबाईल डेटावरून करा, ऑफिसच्या वायफायवरून बरेच राउटर उलटं दाखवतात, म्हणजे बाहेरून चालत असलं तरी बंद दिसू शकते.