वाद्य पाहावे निवडून

सत्तेचाळिसाव्या वर्षी एका रविवारी दाढी करता करता मी जाहीर केलं, की मी एखादं वाद्य शिकणार. बायको एवढंच म्हणाली, "कुठलं?" त्या एका शब्दात माझे पुढचे सात महिने गेले.

कारण कुठलं, हे मी ठरवलंच नव्हतं. वाजवणारा मी मात्र मला स्वच्छ दिसत होतो. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली, झब्ब्याला एकही सुरकुती नाही, समोर माणसं भारावून बसलेली. हातात काय आहे, तेवढंच धूसर होतं.

सुरुवात अभ्यासाने केली. (शिकणं पुढे ढकलायचं असेल तर अभ्यासासारखा उपाय नाही.) भरताने नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. म्हणजे तारांची, फुंकायची, कातड्याने मढवलेली आणि आपटायची. १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी जगभरच्या वाद्यांची वर्गवारी केली, तिच्यातही मूळ वर्ग हेच चार. "चारातून एक निवडायचं," मी घरात म्हणालो, "शर्ट घ्यायला याहून जास्त वेळ लागतो."

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांची झोपायची खोली आमच्या दिवाणखान्याच्या बरोबर खाली. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण सोमवारी लिफ्टमध्ये त्यांनीही विचारलं, "कुठलं?" बायकोच्या 'कुठलं'मध्ये अविश्वास होता. काकांच्या 'कुठलं'मध्ये निव्वळ भीती होती.

पियानो एका संध्याकाळीच निकालात निघाला. ८८ पट्ट्यांचं मला काही वाटलं नाही. पण आत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, हे वाचल्यावर काकांच्या पलंगावरचं छत डोळ्यांसमोर आलं. ताण वेगळा आणि वजन वेगळं, हे काकांनीच मला समजावलं. समजावताना तेही वर बघत होते.

मग व्हायोलिन. एका मित्राच्या मुलाने व्हायोलिन सोडलं होतं, ते मी उचलून आणलं. ज्या घरात पूर्वी कुणी व्हायोलिन शिकायला लागलं होतं, त्या घरातून ते फार आनंदाने मिळतं. गज मात्र कोरा करकरीत होता. मी हनुवटी टेकवली, डोळे मिटले, मान कललेली होतीच, आणि गज तारेवरून सावकाश ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. जरासा सळसळाट, तोही माझ्या बाहीचा असावा. दहा मिनिटं मी जीव ओतून वाजवत होतो आणि घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"छान आहे हे," बायको वर न बघता म्हणाली. "हेच घे."

पेटीच्या कप्प्यात मधाच्या रंगाचा एक खडा होता. तो खडा म्हणजे राळ. ती गजाच्या केसांना घासल्याशिवाय केस तारेला धरत नाहीत आणि तार बोलत नाही, हे मुलीने कुठूनसं शोधून काढलं. मी राळ घासली. चांगली सढळ हाताने घासली. त्यानंतर जो आवाज निघाला त्याचं वर्णन करणार नाही. खालून दार उघडल्याचा आणि कुणीतरी जिन्यात येऊन उभं राहिल्याचा आवाज त्याच्यातूनही ऐकू आला, इतकंच सांगतो. शिवाय व्हायोलिनला पडदे नसतात. बोट कुठे ठेवायचं हे ते सांगत नाही. चुकलं हे मात्र लगेच सांगतं, आणि तेही सगळ्या मजल्यांना.

आपण वाद्य निवडतो, हा आपला गैरसमज आहे, हे मला इथे पहिल्यांदा कळलं. खरं तर वाद्य आपल्याला समोर बसवून आपला एकेक अवयव तपासत असतं. व्हायोलिनने मान तपासली आणि नापास केली. बासरीने ओठ मागितले.

बासरीत न जमण्यासारखं काय आहे? माणसाने गिधाडाच्या हाडाला भोकं पाडून केलेली बासरी जर्मनीतल्या एका गुहेत सापडली आहे, पस्तीस हजार वर्षांहून जुनी. गुहेतल्या माणसाला जमलं ते मला जमू नये? मी फुंकलं. 'फू' असा आवाज आला, फुंकल्यावर येतो तसाच. ओठ आवळले, सैल केले, बासरी एक केसभर आत फिरवली, बाहेर फिरवली. पंचविसाव्या फुंकरीला दिवाणखाना गोल फिरायला लागला आणि मी सोफ्यावर टेकलो. तेवढ्यात मुलीने येऊन सहज बासरी उचलली, ओठाला लावली आणि एक लांबलचक गोड सूर काढला. "असं?" तिने विचारलं. बारा वर्षांच्या मुलांनी असे प्रश्न विचारू नयेत.

पुढे महिनाभराने मलाही सूर सापडला. पण बासरीला सहा भोकं आणि प्रत्येक हाताची तीन-तीन बोटं लागतात, आणि त्यांतली एक अनामिका. तळहात टेबलावर टेकवा, मधलं बोट दुमडून आत घ्या आणि आता अनामिका उचलून दाखवा बरं. नाही उचलत. जन्मभर ही दोन बोटं माझ्या पाठीमागे एकत्र कुटुंबात राहत होती आणि मला पत्ता नव्हता.

सतारीने गुडघे मागितले. डावं पाऊल उजव्या मांडीखाली घ्यायचं, भोपळा त्या पावलावर टेकवायचा, आणि मग चेहऱ्यावर प्रसन्नता आणायची. वीस मिनिटांनी भोपळा कुठला आणि पाऊल कुठलं हे चिमटा काढून बघावं लागलं. चिमटा भोपळ्यालाच बसला. बरं, सगळं जुळून आलं तरी वरच्या सात तारा आणि खालच्या अकरा-तेरा तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, आधी सुरात लावायच्या. अठराव्या शतकातला योहान मात्तेझोन हा जर्मन संगीतकार ल्यूट नावाचं तारांचं वाद्य वाजवणाऱ्याबद्दल म्हणून गेला, की तो ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ नुसती तारा जुळवण्यात जातात. मी हिशेब केला. माझ्याकडे ती साठ नव्हती.

सारंगीबद्दल थोडक्यात सांगतो. ती तारेवर बोटाचं टोक ठेवून नव्हे, नखाच्या मुळाशी तार टेकवून वाजवतात. हे कळल्यावर मी काही वेळ माझ्या नखांकडे बघत बसलो आणि विषय संपवला.

मुलीचा सल्ला होता त्रिकोणाचा. एक वाकवलेली सळई, एक काडी, टिंग. "बाबा, यात चुकणारच काय?" मी वाचत गेलो. लिस्ट या संगीतकाराच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोत, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत, त्रिकोणाला जरा पुढची जागा दिली, तर हान्सलिक नावाच्या व्हिएन्नाच्या समीक्षकाने त्या अख्ख्या रचनेला 'त्रिकोण-कॉन्चेर्टो' म्हणून हिणवलं. टिंग करणाऱ्यालाही लोक सोडत नाहीत.

"पेटी घे," शेवटी बायको म्हणाली. "पट्टी दाबली की सूर येतो. तुझ्यावर काही सोपवलेलंच नाही." बोलणं लागलं, पण मुद्दा बिनतोड होता. शिवाय आकाशवाणीने १९४० पासून पुढे तीस वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. तिला दोन स्वरांमधून घसरत जाता येत नाही, मींड येत नाही, हे एक कारण. मलाही आयुष्यात मींड कधी आली नाही. आमचं जमायला हरकत नव्हती. अडलं ते भात्यावर. उजव्या हाताने 'सा रे ग' चालू केलं की डावा हात तो ऐकायला थांबायचा. डाव्याला हलवलं की उजवा त्याच्याकडे बघत बसायचा. पेटी 'सा' म्हणून दम टाकायची, पुन्हा 'सा' म्हणायची. काका जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी आधी प्रकृतीची चौकशी केली. वर कुणाला तरी दम लागतोय, असा त्यांचा समज झाला होता.

यानंतर काकांनी सूत्रं हातात घेतली. आधी त्यांनी थेरेमिन सुचवलं. १९२०च्या सुमाराला एका रशियन शास्त्रज्ञाने काढलेलं, दोन अँटेनांमध्ये नुसते हात हलवून, कशालाही स्पर्श न करता वाजणारं. "हेडफोन लावायची सोय असणार," ते फार मायेने म्हणाले. पण हवेत हात हलवणाऱ्या माणसासमोर माणसं भारावून बसलेली मला काही दिसेनात. तेव्हा मोठा सुस्कारा टाकून काका म्हणाले, "मग तबला शिका. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तो नुसता दणदणतो. तबल्याचे जुळतात, ते त्या मधल्या काळ्या शाईमुळे. १९२० साली रामन यांनी लिहिलंय यावर. निदान जे काय ऐकू येईल ते सुरात तरी येईल."

नोबेल मिळालेल्या माणसाची शिफारस मोडवेना. मी तबल्याच्या बाईंकडे गेलो. जाताना तबला, डग्गा, हातोडी, सगळ्याची यादी करून नेली होती. बाईंनी यादी वाचली, घडी करून मला परत दिली आणि माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"इतक्यात काही घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तीन महिने नुसतं तोंडाने बोलायचं आणि हाताने टाळी द्यायची. बोल तोंडात बसले की मग हातात."

म्हणजे सात महिन्यांच्या शोधानंतर माझं वाद्य ठरलं: माझंच तोंड आणि माझेच तळहात. बायकोने ही बातमी तीन ठिकाणी फोन करून कळवली.

आता रोज सकाळी सहाला मी दिवाणखान्यात बसतो. त्रिताल. सोळा मात्रा. 'धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.' पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, तेरावीला टाळी. नववीला टाळी द्यायची नाही, हात नुसता बाजूला उलटा करायचा; हिला 'खाली' म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण दोन टाळ्या देऊन झाल्या, की हात रंगात आलेले असतात आणि नववी कधी येऊन गेली ते कळतच नाही. महिना झाला, डोळे मिटलेले असतात, मान कललेली असते, आणि नववीला फाडकन टाळी पडते.

काल लिफ्टमध्ये काका भेटले. डोळे तांबारलेले होते. दार बंद होईपर्यंत थांबले, मग म्हणाले, "एक सांगू? नवव्या मात्रेला तुम्ही रोज टाळी देता. तिथे खाली असते."

मी चाट पडलो. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"खालीच तर असतो मी," काका म्हणाले.