पाळकसाहेब, झोप झाली का?

आज आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीची, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांची, मीटिंग होती. "फक्त पाच मिनिटं थांबा" म्हणून सगळ्यांना थांबवलं आणि संपली तेव्हा सव्वा तास झाला होता, आणि तो सव्वा तास एकाच माणसाभोवती फिरत होता. पाळकसाहेब, आमच्या चर्चचे पास्टर. घरभेटी कमी झाल्यात. उपदेश लांबतो. तरुण संघाकडे लक्ष नाही. आमच्याकडे आजारपण होतं तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, त्याच दिवशी का नाही आलात. एकाने तर वहीत लिहून आणलं होतं, तारखांसकट! ते बाजूला खुर्चीवर बसलेले, मांडीवर बायबल, आणि त्याच्या कव्हरची चेन नुसती उघडतायत, लावतायत, उघडतायत, लावतायत. एकाला उत्तर द्यायला तोंड उघडलं की दुसऱ्याचा प्रश्न तयार.

आणि हे सगळं झाल्यावर शेवटी काय, तर "चला, आता पाळकसाहेब समारोपाची प्रार्थना करतील."

केली त्यांनी. उभे राहिले, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं आता यांच्याच्याने होणार नाही. मग हळूहळू सुरुवात केली आणि ज्याने वही आणली होती ना, त्याच्या मुलीची परीक्षा आहे हे त्यांच्या लक्षात होतं, तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. आमेन म्हणून सगळे उठले आणि निघाले. मी दारातून मागे वळून बघितलं तर आत ते एकटेच, एकेक करून पंखे बंद करत होते.

घरी येऊन फोन बघितला तर मंडळीच्या ग्रुपवर गरुडाचा फोटो आणि खाली यशया ४०:३१, परमेश्वराची आशा धरणारे धावतील तरी दमणार नाहीत, ते वचन. "आजचे उत्तेजन". टाकणारा तोच, वहीवाला. खाली बावीस जणांचे हात जोडलेले. मला इतका संताप आला की फोन उलटा ठेवला आणि अर्धा तास नुसती येरझाऱ्या घालत होते.

माझे पप्पा पाळक होते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. लहानपणी रविवारी सकाळी माझं काम म्हणजे फळ्यावर गीतांचे नंबर लावायचे, त्यामुळे मी त्यांच्याबरोबर लवकर जायचे आणि वेस्ट्रीत, म्हणजे पाळक उपासनेआधी तयार होतात त्या खोलीत, घुटमळत असायचे. तिथे दर रविवारी एक आजोबा यायचे. उपासनेच्या अर्धा तास आधी. त्यांना ऐकू जवळजवळ येतच नव्हतं, उपदेशातलं काय कळायचं देव जाणे. यायचे, पप्पांची कॉलर नीट करायचे, खांद्यावर हात ठेवायचे (हात थरथरायचा त्यांचा) आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने विचारायचे, "पाळकसाहेब, झोप झाली का?"

बस एवढंच. पप्पा म्हणायचे, "झाली." पण आजोबांना ते कुठे ऐकू यायचं, ते तोंडाकडे बघायचे. आणि बघून त्यांना जे कळायचं ते बरोबर असायचं. कधी मान हलवून पुढच्या बाकावर जाऊन बसायचे, आणि कधी म्हणायचे, "नाही झालेली," आणि मग खुर्ची ओढून पप्पांच्या शेजारी बसायचे. न बोलता. वचन नाही, सल्ला नाही. घंटा होईपर्यंत नुसतं बसायचं.

आज त्या मीटिंगमध्ये चांगले धडधाकट कान असलेली चाळीस-पन्नास माणसं बसली होती हो. एकानेही त्या तोंडाकडे बघितलं नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये ऐकलीये. पण आपल्याला आवडतो तो १ राजे मधला १८ वा अध्याय, कर्मेल डोंगर, बआलाचे ४५० संदेष्टे, वरून अग्नी. त्यावर उपदेश होतात, नाटकं होतात. १९ व्या अध्यायात तोच माणूस ईजबेल राणीच्या एका निरोपाने घाबरून पळतो, दिवसभर रानात चालत जातो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा पुरे झालं, आता मला मरण दे. आणि देव काय करतो? त्याला झापतो का? काल एवढा चमत्कार बघितलास आणि आज हे बोलतोस, असं म्हणतो का? नाही. त्याला झोपू देतो. देवदूत येतो, हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवलेला, ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो, आणि तरीही देव काही बोलत नाही. दुसऱ्यांदा उठवतो, परत खाऊ घालतो, आणि म्हणतो तुला वाट फार लांब आहे. चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर मग कुठे प्रश्न, "एलीया, तू इथे काय करतोस?" आधी झोप, भाकर, पाणी. प्रश्न नंतर. आपण प्रश्नांची वही आधी काढतो.

हो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. सगळे पाळक साधू नसतात, काही सत्ता गाजवतात, काही हिशोब देत नाहीत, आणि त्यांना विचारलंच पाहिजे. विचारा, मी कुठे नाही म्हणते. आणि पप्पांचेही उपदेश लांबायचे, हेही खरं.

पण विचारणं आणि एखाद्याला सगळ्यांसमोर सोलून काढणं यात फरक आहे की नाही? इब्री लोकांस पत्रात १३:१७ मध्ये पुढाऱ्यांचं ऐका म्हणून सांगितलंय, ते वाक्य पुढाऱ्यांच्या तोंडून आपण शंभरदा ऐकतो, पण त्याच वचनाचा शेवट कोणी वाचतच नाही. त्यांना हे काम कण्हत नाही, आनंदाने करता यावं, नाहीतर त्यात तुमचंच नुकसान आहे, असं तिथे लिहिलंय. तुमचं! म्हणजे पाळक आनंदात आहे की नाही याची जबाबदारी मंडळीवर पण आहे. आज आमचा माणूस कण्हत होता आणि आम्ही अजेंड्यावरचा पुढचा मुद्दा घेत होतो.

"देव बघून घेईल, तो त्याचा सेवक आहे." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. देव बघतोच. पण अमालेकी लोकांशी इस्राएलची लढाई चालली होती तेव्हा मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचं. ते हात खाली यायला लागले, तर देवाने आकाशातून दोरी नाही सोडली. अहरोन आणि हूर यांनी आधी त्याच्या खाली दगड आणून ठेवला, त्याला बसवलं, आणि मग एकाने इकडून, एकाने तिकडून हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. निर्गम १७. मला तो दगड फार आवडतो. कुणाला तरी सुचलं की या म्हाताऱ्या माणसाला आधी बसायला काहीतरी द्या. आणि लगेच पुढच्या अध्यायात सासरा येतो, इथ्रो. बघतो तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करतोय आणि लोक रांगेत उभे. म्हणतो, हे तू करतोस ते बरं नाही, तू झिजून जाशील आणि हे लोक पण. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, मोठं काम तेवढं तू बघ. म्हणजे मोशेला पण सांगावं लागलं. स्वतःहून त्याला नाही कळलं. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे सगळ्यात शेवटी कळतं.

पप्पांचंही तेच होतं. एका रविवारी, मी नऊ वर्षांची असेन, त्यांच्याबद्दल कुणीतरी वर तक्रारीचं पत्र पाठवलं होतं आणि ते त्यांना आदल्या रात्री कळलं होतं. हे मला खूप नंतर समजलं. त्या सकाळी एवढंच दिसलं की पप्पा उपदेशाचे कागद हातात धरून बसलेत आणि पान उलटतच नाहीयेत. आजोबा आले. "झोप झाली का?" पप्पांनी "झाली" पण नाही म्हटलं. आजोबांनी खुर्ची ओढली, पप्पांच्या हातातले कागद काढून टेबलावर ठेवले आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आणि माझे पप्पा, जे कधी कुणाच्या अंत्यविधीतही रडले नव्हते, ते रडले. आजोबांना ते ऐकूसुद्धा येत नव्हतं. मी हातात नंबरांच्या पाट्या घेऊन दारात उभी.

त्या दिवशी उपदेश कशावर होता मला आठवत नाही. पण पप्पा उभे राहिले आणि बोलले, एवढं आठवतं.

लोकांना वाटतं विश्वास पक्का असला की असं होत नाही. चार्ल्स स्पर्जन घ्या. एवढा मोठा उपदेशक, लंडनमध्ये हजारो लोक ऐकायला यायचे. १९ ऑक्टोबर १८५६ ला सरे गार्डन्सच्या म्युझिक हॉलमध्ये उपासना चालू असताना कुणीतरी "आग, आग" असं खोटंच ओरडलं, चेंगराचेंगरी झाली आणि ७ माणसं मेली. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचा होता. २२! त्याला मित्राच्या घरी नेऊन ठेवावं लागलं, बायबल समोर आलं तरी रडू यायचं असं तोच सांगायचा. आणि ते दुःख त्याला आयुष्यभर परत परत गाठत राहिलं. त्याने लपवलं नाही, पाळक होणाऱ्या विद्यार्थ्यांना बसवून सांगितलं की हे होतं, आपल्यातल्या चांगल्या चांगल्यांना होतं. दीडशे वर्षं होऊन गेली आणि आपल्याकडे अजून पाळक "मी खचलोय" म्हणाला की दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू, यांच्या आत्मिक जीवनात काहीतरी गडबड आहे.

प्रेषित पौलाचं बघा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, ११ व्या अध्यायात तो यादीच देतो. पाच वेळा ३९ फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं, उपास, थंडी, उघडेपणा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणतो, याशिवाय रोजचं माझ्यावर दडपण आहे ते सगळ्या मंडळ्यांच्या काळजीचं. फटक्यांच्या आणि फुटलेल्या गलबतांच्या यादीत शेवटी काय आलं, तर मंडळी! मी हे कितीतरी वेळा वाचलं होतं, आज पहिल्यांदा टोचलं. कारण आज त्या यादीत मी होते.

हो, मी. इतका वेळ दुसऱ्यांना बोलतेय पण त्या मीटिंगमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मी एक शब्द बोलले नाही. पाळकाची मुलगी. जिने हे सगळं घरातून बघितलंय, रात्री अडीचला फोन वाजला की पप्पा कसे शर्ट घालत घालत बाहेर पडायचे हे बघितलंय, ती गप्प बसली कारण उगाच कुणाशी वाकडं नको. वहीवाला निदान बोलला तरी. मी तर बोललेच नाही आणि पंखे बंद करायला आतही गेले नाही. चार पावलं होती.

आता संताप गेलाय आणि नुसतं वाईट वाटतंय.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तुरुंगात आहे, शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय, आणि तो काय लिहितो? थंडीच्या आधी ये. त्रोवसला करपाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं आण. लूक तेवढा माझ्याजवळ आहे. पहिल्या सुनावणीला माझ्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. एवढा मोठा प्रेषित, आणि त्याला झगा पाहिजे आणि माणूस पाहिजे. त्याच पत्रात अनेसिफर म्हणून एकाचं नाव येतं, ज्याने रोममध्ये येऊन पौलाला शोध शोध शोधलं आणि त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. अनेसिफराने उपदेश केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तो शोधत आला, एवढ्यावर त्याचं नाव बायबलमध्ये आहे.

आपल्यातल्या किती जणांनी आपल्या पाळकाला शेवटचं कधी कामाशिवाय फोन केलाय? बारसं नाही, लग्न नाही, दाखला नाही, प्रार्थनेला या नाही, काहीच नाही. त्यांच्या मुलांची नावं माहीत आहेत? त्यांना सुट्टी कधी असते हे माहीत आहे? आणि पाळकच कशाला, संडे स्कूल घेणाऱ्या, क्वायर सांभाळणाऱ्या, महिला मंडळ चालवणाऱ्या बायका आहेत, त्यांना तर कुणी धड थँक्यू पण म्हणत नाही. वचन पाठवू नका असं मी म्हणत नाही, एखाद्या रात्री एखादं वचनच माणसाला तारून नेतं, मलाही नेलंय. पण पाठवून झाल्यावर फोन ठेवून उठा आणि जा ना जरा.

आजोबा वारले तेव्हा त्यांचा विधी पप्पांनीच केला, अगदी नीट, आवाज न हलता. पुढच्या रविवारी मी नंबर लावून वेस्ट्रीत आले. दुसरी घंटा झाली तरी पप्पा उठेनात. मी म्हटलं, "पप्पा, घंटा झाली." ते दाराकडे बघत होते. म्हणाले, "हो, येतो." आणि स्वतःची कॉलर स्वतःच नीट केली.

हे लिहिता लिहिता थांबले आणि पाळकसाहेबांना फोन लावला. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं. फोन ताईंनी उचलला. मी विचारलं साहेब आहेत का, तर हळू आवाजात म्हणाल्या, "दुपारी आल्यापासून पडलेत. जेवले पण नाहीत. काही अर्जंट आहे का, उठवू?"

मी म्हटलं, नको ताई, झोपू द्या. उठले की आधी जेवायला वाढा. मी येते सकाळी.